विजेचा रोध व शक्ति

कोहमाऱ्याकडील धानाच्या बांधींत पाटाचें पाणी उंचीमुळें वाहतें. तद्वत् तारेंतून वीज दाबामुळें वाहते. दाब व्होल्टांत, प्रवाह अँपिअरांत व रोध ओहमांत मोजतात. दाबास प्रवाहानें भागिलें असतां रोध येतो. हा नियम जर्मन शास्त्रज्ञ ओहम यांनीं १८२७ सालीं प्रसिद्ध केला. दाब व प्रवाह यांचा गुणाकार म्हणजे शक्ति. तिचें माप वॅट. आपल्या जिल्ह्यांतील तिरोड्याच्या वीजकेंद्राची ३,३०० मेगावॅट क्षमताहि याच मापानें सांगतात.

समजा, २३० व्होल्टांवर पाणी तापविण्याची शेगडी ५ अँपिअर प्रवाह घेते. तिचा रोध २३० ÷ ५ = ४६ ओहम व शक्ति २३० × ५ = १,१५० वॅट झाली. रोध तोच राहून दाब निम्मा झाला, तर प्रवाह २॥ अँपिअर होतो; शक्ति मात्र २८७॥ वॅट, म्हणजे चतुर्थांशच उरते!

आतां तारेचा एखादा जोड सैल असून त्याचा रोध अवघा १ ओहम आहे असें धरूं. तेथें सुमारें ५ व्होल्ट दाब खर्ची पडून सुमारें २५ वॅट उष्णता उत्पन्न होते. एवढ्याशा जागीं ती कोंडली म्हणजे तारेचें आवरण वितळून घरास आग लागण्याचें भय असतें. यास्तव विद्यार्थ्यांनीं हें गणित घरीं समजावून सांगावें, व पालकांनीं असे जोड जाणत्या कारागिराकडून वेळींच दुरुस्त करून घ्यावे.