मिळालेल्या जागेचें उत्तर

देवनारास टाटा सामाजिक विज्ञान संस्थेवरून मी रोज फिरावयास जातों. १९३६ सालीं नागपाड्यास निघालेली ही संस्था १९५४ सालीं येथें आली. प्रवेशाच्या दिवसांत परगांवचीं मुलें तेथें दिसलीं कीं, मला माझी एक चूक आठवते.

दोन वर्षांपूर्वीं दुसऱ्या एका संस्थेनें माझ्या नातीस जागा देऊं केली. घरांतील सर्वांचें मन तिसरीकडेच गुंतलेलें. ‘पैसे भरून जागा अडवून ठेवा, कळवूं मात्र नका,’ हा सल्ला माझाच. मनाजोगतें बोलावणें आल्यावरही आम्ही महिनाभर गप्प राहिलों. तोंवर प्रवेश बंद झाले आणि ती जागा वर्षभर रिकामी राहिली. पुढें माझा एक जुना विद्यार्थी भेटला. त्याची मुलगी त्याच अभ्यासक्रमाच्या प्रतीक्षायादींत पहिली होती. वाट पाहून अखेर तिनें गांवीं नोकरी धरली. त्यास आमची हकीकत ठाऊक नव्हती. त्यानें वांकून नमस्कार केला आणि मीं तो घेतला.

तेव्हां, निश्चय झाला कीं त्याच दिवशीं कळवावें. नुसतें न जाणें हा नकार नव्हे. पत्र मुलानें वा मुलीनें स्वतः लिहावें; काका-मामांनीं नव्हे. अर्जाचा क्रमांक, अभ्यासक्रमाचें नांव, आभार, आणि ‘ही जागा मी सोडीत आहें’ एवढें पुरे. सबबी नकोत. स्वीकारही वर्तमानकाळांतच असावा. ‘घ्यावी असें वाटतें’ हा विध्यर्थ तेथें निरुपयोगी! मुदत वाढवून हवी असल्यास ती संपण्यापूर्वीं मागावी, आणि न मिळाल्यास वशिला लावूं नये.

‘पैसे बुडतील’ ही भीति बरीचशी अज्ञानाची आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१८ सालीं काढलेल्या नियमाप्रमाणें, प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेपूर्वीं निदान १५ दिवस जागा सोडल्यास, फार तर ५ टक्के, व तेही ५,००० रुपयांच्या आंत, कापून बाकी शुल्क परत मिळावें. त्या तारखेनंतर ३० दिवस उलटले कीं कांहींच नाहीं. मूळ प्रमाणपत्रें अडकवून ठेवण्यासही त्यांत मनाई आहे. म्हणजे आम्ही मौन पाळून दुसऱ्याचें नुकसान केलें, तसें पदरचे पैसेही घालविले.

यंदा धाकट्या नातवास दोन ठिकाणीं जागा मिळाल्या. नकाराचें पत्र त्यानें त्याच रात्रीं लिहिलें. मीं त्यांतील एक स्पेलिंग तेवढें सुधारलें.