कळसूबाईच्या पायथ्याचे शेरभर बियाणे

गेल्या आश्विनात आम्ही जोगेश्वरीचे चौघे स्नेही अकोले तालुक्यातील बारी या गावी जाऊन आलो. हा गाव कळसूबाईच्या पायथ्याशी वसला आहे. नवरात्र चालू असल्याने १६४६ मीटर उंचीच्या त्या शिखरावर देवीच्या दर्शनास जाणारांची रीघ होती. आमचे मन मात्र वर न जाता खालच्या खाचरांतच रमले.

पहाटे बेस्टच्या गाडीने विक्रोळीमार्गे ठाणे गाठले व खोपट स्थानकातून नाशिककडील एस. टी. धरली. १९४८ साली पुणे ते अहमदनगर या मार्गावर धावू लागलेली ही सेवा डोंगरी खेड्यांस अद्यापि मोठा आधार आहे. पाठीचे काय होते ते न विचारलेले बरे! शहापूरपर्यंत दुतर्फा भात निसवलेले दिसत होते. कसारा घाट चढताच हवा पालटली. घोटीस दुसरी गाडी मिळाली, आणि पुढे उतारांवर खुरासणीच्या पिवळ्या फुलांचे पट्टे, त्यांमधून नाचणी व वरई, असा देखावा सुरू झाला.

आमच्यातील एका स्नेह्याचे आजोबा मजासच्या बाजूस भात पिकवीत असत. आज तेथे इमारती उभ्या आहेत. आजोबा कोणते भात लावीत, हे त्या स्नेह्यास सांगता येईना. तांदूळ तांबूस होता आणि पेजेस गोड लागे, एवढेच त्याच्या स्मरणात उरले आहे. शेत गेले ते तर सर्वांस दिसले. परंतु त्यासोबत बियाणेही गेले, याची रुखरुख त्यास बारीच्या बांधावर प्रथम लागली.

तेथे एक वृद्ध बाई कापणीपूर्वी काळभाताच्या लोंब्या निवडीत होती. या भाताची साळ काळसर असते व तांदळास सुवास येतो. भरदार, एकसारख्या पिकलेल्या व रोगाचा डाग नसलेल्या लोंब्या तेवढ्या ती खुडून घेई. बांधालगतच्या ओळींस तिने हातही लावला नाही, कारण शेजारच्या खाचरात दुसरे भात होते. भात हे बहुतांशी स्वपरागी पीक असल्याने अशा निवडीने जात वर्षानुवर्षे टिकते. संकरित भाताचे दाणे राखून पेरले असता दुसऱ्या वर्षी पीक एकसारखे येत नाही, म्हणून त्याचे बी दरसाल विकतच आणावे लागते. अधिक उत्पन्नासाठी कोणी ते घेतल्यास आम्ही त्यास दोष देणार नाही. परंतु घरची जात मोडून टाकून ते घेणे आम्हांस धोक्याचे वाटते.

याच तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी अशीच गावठी वाणे जमवून घरी बियाण्यांची पेढी उभी केली. त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. वाचकांनी हेही ध्यानी ठेवावे की, २००१ च्या पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यान्वये आपल्या शेतातील बी राखणे, पेरणे, बदलणे व विकणे हा शेतकऱ्याचा हक्क आहे; छापाच्या नावाने मात्र ते विकता येत नाही.

आमच्या स्नेह्याने शेरभर बी मागितले व पैसे पुढे केले. बाईने पैशांकडे पाहिलेही नाही.

“बी देईन, पण तुम्ही मुंबईचे. पेरणार कुठं?”

स्नेही निरुत्तर झाला. तेव्हा आमच्यापैकी दुसऱ्याने सांगितले, “आजी, मुरबाडकडे माझी दोन एकर भातजमीन आहे. तिथं लावू.”

“मग न्या. पुढल्या साली दोन शेर आणून द्यायचे. ओलं आहे, चार उन्हं द्या, नाहीतर बुरशी खाईल.”

बोली ठरली. परतीच्या गाडीत ती पिशवी स्नेह्याने मांडीवरून खाली ठेवली नाही. जोगेश्वरीच्या गच्चीवर कबुतरांस हाकीत त्याने ती साळ वाळविली, कडुलिंबाचा पाला घालून डब्यात भरली आणि डब्यावर गावाचे व वाणाचे नाव लिहिले. मुरबाडची जमीन या वाणास मानवते की नाही, हे पीक आल्यावरच कळेल. तूर्त एका कोपऱ्यातील स्वतंत्र वाफ्यात रोप टाकावयाचे व लावणी इतर भातांपासून दूर करावयाची, असे चौघांनी ठरविले आहे. दोन शेर परत करावयाचे आहेत.