हाडांचा हिशेबही बघायला हवा

गटाचा हिशेब आपण दर महिन्याला बघतो. आज हाडांच्या हिशेबाबद्दल बोलू या.

साधारण तिशीपर्यंत आपल्या हाडांत भर पडत असते. पुढे झीज सुरू होते. पाळी गेल्यानंतरची पहिली काही वर्षं ती फार वेगानं होते. पिशवीबरोबर दोन्ही बीजकोशही काढले असतील, तर हीच झीज तरुण वयात सुरू होते. बीड जिल्ह्यातल्या कितीतरी ऊसतोड करणाऱ्या बायकांची पिशवी ऐन तरुणपणी काढली गेल्याचं २०१९ मध्ये उघड झालं. अशा बहिणींनी तर हे जरूर ऐकावं.

ही झीज दुखत नाही. अंगणात पाय घसरतो, हात टेकवला की मनगट मोडतं. हंडा उचलताना मणका दबतो, पाठीला बाक येतो. खुबा मोडला, तर पुन्हा पहिल्यासारखं चालणं अनेकींना जमत नाही. म्हणून मोडण्याआधी तपासायचं.

साध्या एक्स-रेत ही झीज बरीच वाढल्यावरच दिसते. खरी तपासणी म्हणजे डेक्सा. टेबलावर उताणं झोपायचं, वरून यंत्र फिरतं आणि कंबरेचे मणके व खुबा मोजतं. सुई नाही, दुखणं नाही, दहा-पंधरा मिनिटांचं काम. किरण छातीच्या एक्स-रेपेक्षाही कमी. आदल्या दिवसापासून कॅल्शियमची गोळी घेऊ नका. दिवस गेल्याची शंका असेल तर आधी सांगा.

रिपोर्टमध्ये ‘टी-स्कोअर’ बघा. उणे एक किंवा त्याहून वर, तर हाड ठीक. उणे एक ते उणे अडीचच्या मध्ये, तर विरळ होऊ लागलंय. उणे अडीच किंवा त्याहून खाली, तर हाड ठिसूळ झालंय.

आता शिबिराची गोष्ट. तिथं बहुधा पाय यंत्रात ठेवून फक्त टाच तपासतात. ती नुसती चाचपणी. तेवढ्यावर घाबरून महागडी पावडर घेऊ नका, आणि ‘सगळं चांगलं’ म्हटलं म्हणून निर्धास्तही होऊ नका. डॉक्टरांना विचारा, “मला डेक्सा लागेल का?”

पासष्टीच्या पुढे ही तपासणी करावीच. त्याआधी पाळी गेली असेल आणि किरकोळ पडण्यानं हाड मोडलं असेल, उंची घटली असेल, आईचा खुबा मोडला असेल किंवा स्टिरॉइडच्या गोळ्या बरेच महिने चालू असतील, तर वाट बघू नका.

औषध सुरू झालं, की डॉक्टर बहुधा वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा मोजायला सांगतात. तेव्हा शक्यतो त्याच यंत्रावर मोजा. यंत्र बदललं की आकड्यांची तुलना नीट होत नाही. जुना रिपोर्ट पासबुकासारखा जपा. आकडा जागच्या जागी राहिला, तरी औषध वाया गेलं असं समजू नका. झीज थांबली, हीही कमाईच. औषध मनानं बंद करू नका.

पुढच्या बैठकीत एवढंच करा. आपल्या गटात कोणाची पाळी लवकर गेली, कोणाचं हाड मोडलं, ते एकमेकींना विचारा. आणि जिला गरज आहे, तिच्यासोबत दवाखान्यात एकीनं तरी जा.