विजयदुर्गावर हेलियम सापडला नव्हता

डिचोली-पेडण्याकडची माणसं कोकणातले किल्ले बघायला निघाली की विजयदुर्ग सहसा चुकवत नाहीत. तळेऱ्याला महामार्ग सोडायचा आणि थेट वाघोटन खाडीच्या तोंडाशी उतरायचं. किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवले जातात आणि त्यांच्यासोबत एक गोष्ट सांगितली जाते. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने याच ओट्यांवर दुर्बीण लावली आणि हेलियम शोधून काढला, अशी ती गोष्ट. दर ऑगस्टला ती छापून येते, मुलं भाषणात म्हणतात, मोठी माणसं अभिमानाने पुढे पाठवतात. गेली काही वर्षं त्या तारखेला किल्ल्यावर हेलियम दिवसही साजरा होतो.

त्या दिवशी लॉकियर भारतात नव्हताच.

तो लंडनमध्ये होता, ब्रिटिश युद्धखात्यात कारकून. नोकरी सांभाळून तो आकाश बघायचा. सरकारी अनुदानातून बनवून घेतलेला वर्णपटदर्शक त्याच्या हाती आला तोच मुळी ऑक्टोबरात. २० ऑक्टोबर १८६८ रोजी, ग्रहण वगैरे काही नसताना, त्याने तो आपल्या दुर्बिणीला जोडून सूर्याच्या कडेवर रोखला. कडेबाहेर झेपावलेल्या ज्वाळेत त्याला तीन तेजस्वी रेषा दिसल्या आणि त्याच दिवशी त्याने रॉयल सोसायटीला पत्र लिहिलं. पत्र सोसायटीच्या ‘प्रोसीडिंग्ज’मध्ये छापलेलं आहे, ज्याला शंका असेल त्याने ते वाचावं. पहिली रेषा हायड्रोजनच्या तांबड्या रेषेशी तंतोतंत जुळते, दुसरी निळ्या रेषेशी जवळपास जुळते, आणि तिसरी सोडियमच्या पिवळ्या जोडरेषेच्या जवळ आहे, पण तिच्यावर नाही. शास्त्रज्ञ किर्खहोफच्या वर्णपट-मोजपट्टीवर आठ-नऊ अंश बाजूला आहे, असं त्यात म्हटलं आहे. हेलियमच्या शोधाचा उगम या आठ-नऊ अंशांत आहे.

मग १८ ऑगस्टला काय झालं? त्या श्रावणी अमावस्येला ग्रहणाचा पट्टा भारतावरून पश्चिम-पूर्व गेला आणि पथकंही ठिकठिकाणी बसली होती. जमखंडीला लेफ्टनंट जॉन हर्शेल होता. ढगांच्या फटीतून त्याला तांबडी, नारिंगी आणि निळी अशा तीन रेषा दिसल्या. गुंटूरला टेनंट आणि फ्रान्सचा जान्सेन, मछलीपट्टणला पॉग्सन. त्या ज्वाळा तापलेल्या वायूच्या आहेत, मुख्यतः हायड्रोजनच्या, हे त्या दिवशी ठरलं आणि ती फार मोठी गोष्ट होती. नारिंगी-पिवळी रेषा मात्र बहुतेकांनी सोडियमची धरली. पॉग्सनने ती सोडियमच्या जागी किंवा तिच्या अगदी जवळ असल्याचं नोंदवलं, पण पुढे काही दावा केला नाही. जान्सेनने हेलियम शोधला, हेही तितकंच चुकीचं. ग्रहणाशिवायही या ज्वाळा वर्णपटदर्शकातून दिसतात हे त्याने दुसऱ्याच दिवशी दाखवलं, त्याचं श्रेय ते आहे. त्याचं आणि लॉकियरचं पत्र पॅरिसच्या विज्ञान अकादमीत २६ ऑक्टोबरला एकाच बैठकीत वाचलं गेलं. पुढे दोघांच्या प्रतिमा असलेलं पदक निघालं आणि लोकांनी दोघांचे शोध एकत्र कालवून टाकले. बिमन नाथ या बंगळुरूच्या खगोलशास्त्रज्ञाने २०१३ साली हेलियमच्या इतिहासावर अख्खं पुस्तक लिहून हा गुंता सोडवला आहे. तरी विजयदुर्गाची गोष्ट हलायला तयार नाही.

तारखेचा आणि जागेचा एवढा आग्रह कशाला, असं कोणी म्हणेल. आग्रह यासाठी की ‘किल्ल्यावर दुर्बीण लावली आणि हेलियम दिसला’ असं सांगताना खरा शोधच गाळला जातो. हेलियम दुर्बिणीतून दिसत नाही. दिसते ती एक पिवळी रेषा, आणि ती सोडियमची नाही हे म्हणायला आधार लागतो.

तो आधार अणूच्या आत आहे. अणूमधल्या इलेक्ट्रॉनला वाटेल तेवढी ऊर्जा बाळगता येत नाही, काही ठरावीक पातळ्याच त्याला मोकळ्या असतात. वरच्या पातळीवरून खालच्या पातळीवर तो आला की दोन्हींमधल्या फरकाएवढी ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते, आणि फरक जेवढा मोठा तेवढा प्रकाश निळ्याकडे झुकतो. हायड्रोजनमध्ये तिसऱ्या पातळीवरून दुसरीवर येताना १.८९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट सुटतात, म्हणून तांबडी रेषा. चौथीवरून दुसरीवर येताना २.५५, म्हणून निळी. प्रत्येक मूलद्रव्याच्या पातळ्या वेगळ्या, त्यामुळे रेषांच्या जागाही वेगळ्या. हे गणित नील्स बोरने १९१३ साली मांडलं. लॉकियरला यातलं काही ठाऊक नव्हतं. जागा वेगळी तर द्रव्य वेगळं, एवढ्या अनुभवावर तो उभा होता.

सोडियमची रेषा बघायला स्वयंपाकघर पुरतं. मीठ घातलेली पेज उतू जाऊन शेगडीवर सांडली की निळी ज्योत एकदम पिवळीधमक होते. बर्नर बिघडला म्हणून ओरडायचं कारण नाही. मिठातला सोडियम तापतो, त्याचा सर्वांत बाहेरचा इलेक्ट्रॉन वर जातो आणि परतताना ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरचा प्रकाश टाकतो. हेलियमची रेषा ५८७.६ वर आहे. डोळ्याला दोन्ही पिवळ्याच. ऊर्जेच्या भाषेत २.१०५ आणि २.११०, या फरकावर नवं मूलद्रव्य उभं राहिलं.

आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. सूर्याच्या वस्तुमानाचा सुमारे चौथा हिस्सा हेलियम आहे, तरी साध्या सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात ही रेषा काळी होऊनही उमटत नाही. कारण हेलियमचा इलेक्ट्रॉन तळपातळीवरून पहिल्यांदा वर उचलायलाच सुमारे २० इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंशांचा, त्याला ते परवडत नाही. पृष्ठभागाच्या वरच्या पातळ थरात तापमान चढतं, शिवाय बाहेरच्या अतितप्त किरीटाकडून अतिनील किरणांचा मारा होतो. तिथेच इलेक्ट्रॉन त्या उंचीवर पोचतात आणि पिवळी रेषा उजळते. म्हणून नजर कडेवर रोखावी लागली.

ही रेषा नव्या मूलद्रव्याची आहे, हे सगळ्यांना लगेच पटलंही नाही. सूर्यावरच्या दाबा-तापमानात हायड्रोजनच असं वागत असेल, असं बरीच वर्षं मानलं गेलं. अखेर १८९५ साली विल्यम रॅम्झीला क्लीव्हाइट या युरेनियमच्या खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेषा सापडली, तेव्हा वाद मिटला.

आणि विजयदुर्ग? लॉकियर तिथे खरोखर आला होता, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. ‘मेल्पोमिनी’ या ब्रिटिश युद्धनौकेचे अधिकारी आणि खलाशी त्याने हाताशी धरले, त्यांच्याकडून सराव करून घेतला आणि जेमतेम दोन मिनिटांच्या अंधारात वर्णपटाची छायाचित्रं घेतली. त्याच ग्रहणासाठी पुण्याचे कावसजी नायगमवाला जेऊरला उपकरणं मांडून बसले होते. एवढा खरा इतिहास असताना उसनी तारीख किल्ल्याला चिकटवायची गरजच काय? फलकावर १८९८ लिहावं.

वर्णरेषांबद्दलचे बाकीचे गैरसमज थोडक्यात. रंग पातळीचा नसतो, दोन पातळ्यांमधल्या फरकाचा असतो. दिवा प्रखर झाला म्हणजे इलेक्ट्रॉनच्या उड्या मोठ्या झाल्या असं नाही, त्यांची संख्या वाढते. डिचोलीजवळ मुळगावच्या शेजारी शिरगावला लईराई देवीच्या होमकुंडात निखारे लालबुंद दिसतात, तो रंग कार्बनच्या वर्णरेषांचा नव्हे. तापलेल्या घन पदार्थातून सलग वर्णपट निघतो आणि तो तापमानावर ठरतो.

सूर्यात हायड्रोजन आणि हेलियमशिवाय काही नाही, असंही ठामपणे सांगितलं जातं. मुळगाव-शिरगावच्या डोंगरांतून ज्याचं खनिज बार्जेसमध्ये भरून गेलं, ते लोखंड सूर्यातही आहे, वायुरूपात. सूर्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेषांत शेकडो त्याच्याच आहेत, आणि हेलियमचं नावही नव्हतं तेव्हा, १८६० च्या सुमारास, किर्खहोफने त्यातल्या साठेक रेषा प्रयोगशाळेतल्या लोखंडाच्या रेषांशी एकेक करून जुळवल्या होत्या.