फंक्शन आहे, तरी म्हणे नाही!

आमच्या मुदखेड तालुक्यात फुलशेती जोरात. मोगरा, काकडा, गुलाब पहाटे तोडायचा अन् नांदेड गाठायचं. मी फूल उत्पादकांच्या एका गटाचा हिशेब पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ठेवतो. शेतकरी रान गुंठ्यांत सांगतो, सातबाऱ्यावर असतं हेक्टर-आर. म्हणून गुंठ्यांचे आर करणारं छोटं फंक्शन मी लिहून ठेवलं. एक गुंठा म्हणजे सुमारे १.०१ आर. असं आपलं फंक्शन आपण लिहावं, ही सोय तर १९८६ साली बर्कली विद्यापीठात सुरू झालेल्या पोस्टग्रेस प्रकल्पाचा एक मुख्य हेतूच होता.

नोंदी करणाऱ्या पोराने ते चालवलं आणि पडद्यावर आलं : 'असं फंक्शन अस्तित्वात नाही.'

"दादा, कालच तर तुम्ही बनवलं, अन् हे नाहीच म्हणतंय!"

एकाच नावाची अनेक फंक्शनं असू शकतात. कोणतं घ्यायचं ते डेटाबेस नाव आणि माहितीचा प्रकार मिळून ठरवतो. माझ्या फंक्शनला संख्या हवी होती, रकाना होता मजकुराचा. खाली 'प्रकार बदलून पाहा' अशी सूचनाही येते, पण पहिल्याच ओळीने घाबरलेला माणूस तिथवर वाचत नाही.

प्रकार बदलला, तर नवीन तक्रार : '१२' ही संख्याच नव्हे. डोळ्यांना तर धडधडीत बारा दिसतात! आकडे मराठी होते, आणि पोस्टग्रेसला संख्या म्हणून ते चालत नाहीत. पायथन भाषा मात्र हेच मराठी बारा मुकाट्याने मान्य करते. पोस्टग्रेसमध्ये तर एक ओळ अडली की अख्खी क्वेरी थांबते, आणि ओळ कुणाची, हे संदेश सांगत नाही.

ते सांगणं फंक्शन लिहिणाऱ्याचंच काम. रान, गुंठे, जमिनीचा गट नंबर यांतलं मशीनला काय कळतं? पोस्टग्रेसमध्ये 'रेज' लिहून आपला संदेश देता येतो. तपशील आणि सूचना यांना वेगळी जागा असते. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये हेच काम 'सिग्नल' करतो. मराठी आकडे मी आता फंक्शनमध्येच बदलून घेतो, आणि गुंठ्यांसोबत गट नंबरही त्याला देतो. आता संदेश येतो : 'गट नंबर १४३ : क्षेत्राच्या रकान्यात "दीड" असा शब्द आहे.' सूचना : 'गुंठे आकड्यांत लिहा.' पोरगं मला हाक न मारता दुरुस्त करतं.

एसक्युलाइट या डेटाबेसला पायथनचं फंक्शन जोडलं, तर मात्र 'वापरकर्त्याच्या फंक्शनमध्ये बिघाड' एवढंच ऐकवलं जातं. खरं कारण दिसायला पायथनमधली एक सोय मुद्दाम चालू करावी लागते. याहून वाईट म्हणजे चूक गिळून शून्य परत देणारी फंक्शनं. संदेश नाही, अडथळा नाही. शेतकऱ्याचं रान मात्र कागदावर शून्य आर.

फंक्शन लिहिणाऱ्यांनो, शून्य देऊ नका, अडवा आणि कुठे अडलं ते सांगा. मराठीतच सांगा. डेटाबेस युनिकोडमध्ये असेल, तर पोस्टग्रेस ते वाक्य जसंच्या तसं दाखवतो.