साखर गेली, माउली राहिली

वाशीच्या एपीएमसी मार्केटात, मसाला मार्केटच्या गाळ्यांवर, साखरेचा व्यापार चालतो. एस-३०, एम-३०, नाक्याचा भाव, मिलचा भाव. या बोलण्यात कोल्हापूर येतं, सोलापूर येतं. हरेगाव येत नाही. नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर) श्रीरामपूर तालुक्यातलं हे गाव एके काळी मुंबई इलाख्यातल्या अगदी सुरुवातीच्या साखर कारखान्यांपैकी एकाचं ठिकाण होतं. आज हरेगाव म्हटलं की आठवते ती यात्रा, आणि तीही मरियामातेची.

खाणीवर जसं गाव वसतं तसं हरेगाव कारखान्यावर वसलं. भंडारदऱ्याच्या धरणाचं काम १९१० साली सुरू झालं, १९२६ ला पुरं झालं, आणि प्रवरेचे कालवे कोरडवाहू पट्ट्यात आले. पाण्यामागे भांडवल आलं. हरेगावचा कारखाना चालवणाऱ्या बेलापूर कंपनीला सरकारने आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन पट्ट्याने दिल्या. ‘आकारी पडीक’ या नावाने त्या जमिनींचं भांडण पुढे पिढ्यान्‌पिढ्या चाललं. साहेबांचे बंगले, कामगारांच्या चाळी, मळे, आणि गळीत हंगामात रात्रीही वाजणारा भोंगा.

सहकारी कारखान्याचा ऊस सभासद पिकवतो आणि तोडणीला टोळ्या येतात, हंगाम संपला की जातात. कंपनीचं तसं नव्हतं. ऊस तिच्याच मळ्यात, म्हणून बेणं लावायला, खुरपायला, पाणी द्यायला बारमाही माणूस हवा. तो आला गावोगावच्या महारवाड्यांतून, मांगवाड्यांतून. बलुत्याच्या भाकरीऐवजी हातात रोख पगार पडला. टोळीच्या मागे चर्च उभं राहत नाही; चाळीत राहणाऱ्या, पोरं शाळेत घालणाऱ्या कुटुंबांच्या मागे राहतं. हरेगावचा धर्मग्राम (पॅरिश) का टिकला, याचं अर्धं उत्तर मला या बारमाही कामात दिसतं.

बाकीचं अर्धं मिशनचं. नगरमध्ये कॅथलिक उशिरा आले. अमेरिकन मराठी मिशन तिथं १८३१ पासून होतं; रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई राहुरीत राहिले ते प्रोटेस्टंट वळणाचेच. जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केंदळ, संगमनेर असा प्रवरा-मुळेचा मुलूख धरला. फादर घोड्यावर फिरत. पण रोजचा संसार चाले तो ‘मास्तर’वर. मास्तर म्हणजे धर्मशिक्षक, शाळामास्तर, अर्ज लिहून देणारा आणि तंटा सोडवणारा, सगळं एकाच माणसात. मिशनच्या इतिहासात फादरांची नावं ठळक असतात, मास्तरांची नसतात. हे मला नेहमीच खटकतं.

१९१४ ला युद्ध पेटलं आणि हे जर्मन फादर एका रात्रीत शत्रूचे नागरिक ठरले. नजरकैदेची मोठी छावणी अहमदनगरलाच होती. धर्मगुरूंविना जी वर्षं गेली त्यांत प्रार्थना चालू ठेवल्या त्या बहुतेक मास्तरांनीच.

कारखाना आणि मिशन हरेगावात एकत्र आले, संत तेरेजाचं चर्च झालं. १९४९ साली येशूसंघीय फादर बाडर यांनी मतमाउलीची यात्रा सुरू केली. धागा वांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेचा. मरियेचा जन्मदिन ८ सप्टेंबर, त्याच्या आसपासचा शनिवार-रविवार. पण वांद्र्याची जत्रा समुद्राकाठची, कोळ्यांची आणि ईस्ट इंडियनांची, ही उसातली. आधी नऊ दिवस नोव्हेना, मग मिस्सा, मेणबत्त्या, नवस, पाळणे, भेळ, रेवड्या. नवस बोलायला येणाऱ्यांत हिंदू बायाही असतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मुंबई-पुण्याकडे पोट भरायला गेलेली घरं त्या दोन दिवसांत परततात. नाशिकचा वेगळा धर्मप्रांत १९८७ मध्ये झाला, तेव्हापासून ही यात्रा त्याची मोठी यात्रा आहे.

कंपनीचं मात्र उलटं झालं. कमाल जमीनधारणा कायद्याने खासगी कारखान्यांचे मळे सरकारकडे गेले आणि १९६३ मध्ये शेती महामंडळ निघालं. कामगार तेच, चाळी त्याच, मालक बदलला. मळे हातचे गेलेला कारखाना पुढे बंद पडला. महामंडळाच्या कामगारांची राहत्या घराखालच्या दोन गुंठ्यांची मागणी मात्र वर्षानुवर्षं सुरू राहिली.

यात्रा सुरू झाली त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १९५० मध्ये, राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. शिखांना तो १९५६ ला, बौद्धांना १९९० ला मिळाला. ख्रिस्ती झालेल्या महार-मांगांना नाही. गाव त्यांची जात कधी विसरलं नाही, फक्त सरकारी कागद विसरला. २००४ पासून या दर्जाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आहे आणि २०२२ मध्ये केंद्राने याच प्रश्नावर न्या. बालकृष्णन आयोग नेमला.

ऑगस्ट २०२३ मध्ये हरेगाव देशभरच्या बातम्यांत आलं ते यात्रेमुळे नव्हे. शेळी आणि कबुतरं चोरल्याच्या संशयावरून दलित मुलांना झाडाला उलटं टांगून मारलं होतं. त्यानंतर काहीच दिवसांनी, नेहमीच्या तारखांना, नोव्हेना सुरू झाली.