सोडियम, स्वॅब आणि सह्या

२३ नोव्हेंबर २०२० ला राज्यात नववी ते बारावीचे वर्ग उघडले, मुंबई-पुण्यानं मात्र दार लावूनच ठेवलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. एका बाकावर एक विद्यार्थी, दिवसाआड निम्मा वर्ग, जास्तीत जास्त चार तास शाळा आणि गणित-विज्ञान-इंग्रजीवर भर, हेही तेव्हा घरोघरी पाठ झालं होतं. पण ती नियमावली तालुक्याच्या शाळेच्या फाटकातून आत आल्यावर तिचं काय झालं, ते पेपरात आलं नाही. शाळेचं नाव विचारू नका. निम्मी मंडळी अजून नोकरीत आहेत.

मुंबईहून गावी परतलेल्या लोकांसाठी उन्हाळ्यात आमच्या इमारतीत विलगीकरण कक्ष होता. त्यामुळे वर्ग भरवण्याआधी निर्जंतुकीकरण करणं आलं. ते करायचं कुणी? ग्रामपंचायत म्हणे शाळेनं, संस्था म्हणे ग्रामपंचायतीनं. बरेच दिवस नुसती पत्रं इकडून तिकडे गेली. अखेर एका द्राक्षबागायतदारानं आपला पाठीवरचा फवारणी पंप देऊ केला आणि पंप आल्याबरोबर श्रेय घ्यायला दोन्ही बाजू हजर झाल्या. पहिली फवारणी सरपंचांच्या शुभहस्ते, फोटोग्राफरसकट. प्रयोगशाळेतला आमचा परिचर दबक्या आवाजात सांगत होता, ‘सोडियम हायपोक्लोराइट आहे, जरा जपून.’ फोटो चालू असताना परिचराचं कोण ऐकतो! संध्याकाळपर्यंत सरपंचांच्या नव्या निळ्या पँटवर पांढरे ठिपके उमलले. पुढच्याच बैठकीत ग्रामपंचायतीचं मत पडलं, की यापुढची फवारणी शाळेनंच केलेली बरी.

मग पालकांची संमतीपत्रं. पाल्याला शाळेत पाठवायला आमची हरकत नाही, खाली सही. आमचे हेडसर सह्यांच्या बाबतीत बँकेच्या कॅशिअरपेक्षा कडक. त्यांनी कपाटातून जुनी प्रगतिपुस्तकं काढायला लावली आणि एकेक सही ताडून बघायला बसले. नववीतल्या चांगल्या डझनभर मुलांची सही जुळेना. पोरांनी बापाची सही ठोकली, असं म्हणून हेडसरांनी पालकांना फाटकाशी बोलावलं, अंतर राखून उभं केलं आणि सगळ्यांदेखत सह्या करायला लावल्या. संमतीपत्रांवरच्या सह्या तंतोतंत खऱ्या निघाल्या. बापानं कधी पाहिलीच नव्हती, ती प्रगतिपुस्तकं.

खरी गंमत स्वॅबची. शाळा उघडण्यापूर्वी, १७ ते २२ नोव्हेंबरच्या दरम्यान, सगळ्या शिक्षकांची आरटीपीसीआर चाचणी सक्तीची होती. भाऊबीज नुकतीच झालेली, पाव्हणेरावळे भेटून झालेले, त्यामुळे ग्रामीण रुग्णालयापुढच्या रांगेत प्रत्येकाच्या मनात फराळाची ताटं आणि सोबतचे चेहरे घोळत होते. आमच्याकडचे गणिताचे आणि विज्ञानाचे सर गेली कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण सेवाज्येष्ठता यादी आणि पर्यवेक्षकपद. कामापुरता निरोपसुद्धा शिपाईमामांमार्फत जायचा. आम्ही म्हणायचो, या दोघांना सहा फुटांचा नियम नव्यानं सांगायला नको.

अहवाल आले आणि गणिताचे सर पॉझिटिव्ह निघाले. आरोग्यसेवकानं फोन करून विचारलं, मास्क न लावता, जवळ बसून, पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ कुणाबरोबर होतात? सरांनी घरच्यांखेरीज एकच नाव दिलं. विज्ञानाच्या सरांचं. चौदा दिवस तेही घरात. स्टाफरूममध्ये चर्चा पेटली. केवढा हा खुनशीपणा, मरता मरता सूड! हेडसर तर चौकशी लावायला निघाले, कारण गणित आणि विज्ञान हे दोन्ही विषय आता त्यांच्याच गळ्यात पडले होते आणि त्यांचा मूळ विषय इतिहास. मी शिपाईमामांना गाठलं. मामा आधी खाली बघत राहिले, मग म्हणाले, ‘सर, नाव खरं हाये त्यांचं. दिवाळीच्या आधीपासनं रोज सकाळी एसटी स्टँडामागच्या टपरीवर बसत्यात दोघं. कटिंग मारत्यात. मला म्हनले, शाळेत कुनाला बोलू नको.’

तापमापक गनचा किस्सा त्यामानानं छोटा, पण त्याला सरकारी शिक्का आहे. फाटकावर मामा गन लावत, मी वहीत आकडा लिहीत असे. कुणाचा एक्क्याण्णव, कुणाचा ब्याण्णव. ताप म्हणून कुणाला नाहीच! तपासणीला आलेल्या साहेबांनी वही चाळली, समाधानानं मान हलवली आणि ‘नोंदी उत्तम’ असा शेरा मारून ते गेले. त्याच आठवड्यात दहावीतल्या एका मुलीनं खोक्यातला कागद उघडून वाचला आणि मला दाखवला. गन कपाळासाठीच्या मोडवर नव्हतीच. भिंती, भांडी, यंत्रं यांचं तापमान मोजायच्या मोडवर होती. तिनं एक बटण दाबलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलीच नोंद शंभरच्या वर गेली. ती हेडसरांची होती. मामांनी त्यांना फाटकातूनच परत पाठवलं, आणि माझ्या मते त्या सबंध वर्षात नियमावलीची इतकी चोख अंमलबजावणी दुसरी झाली नाही. (चाचणी निगेटिव्ह आली. साधं सर्दी-पडसं होतं, पण चार दिवस इतिहासाला गणितापासून सुट्टी मिळाली.)

दिवसाआड वर्गामुळे प्रत्येक धडा दोनदा शिकवावा लागे, आज अ गटाला, उद्या ब गटाला. ब गटात मागच्या बाकावर एक मुलगा बसायचा. प्रश्न पुरा व्हायच्या आत त्याचं उत्तर तयार असे. इंग्रजीच्या बाई त्याच्यावर भलत्याच खूश. शेवटी एकदा पाणी पिण्यासाठी त्यानं मास्क खाली घेतला, तेव्हा बाईंच्या लक्षात आलं, की हा अ गटातला. चुलतभाऊ मामाच्या गावी अडकला होता आणि हा त्याच्या जागेवर रोज हजेरी देत होता. घरी राहिलं तर ऊसतोडीला जावं लागतं, हे त्याचं साधं कारण. बाईंनी ती गोष्ट हेडसरांपर्यंत नेली नाही. मीही वही दुरुस्त केली नाही. तिच्यात तो मुलगा एक दिवस स्वतःच्या नावावर सत्त्याण्णव आहे आणि दुसऱ्या दिवशी भावाच्या नावावर अठ्ठ्याण्णव.